बांधाच्या पायथ्याशी

टर्फ उभं करायचं काम पाठीचं. कमरेतून वाकायचं, दलदलीतून कापून काढलेल्या काळ्या मातीच्या ओल्या विटा उचलायच्या आणि पाच-सहा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. मग वारा मधून फिरतो आणि त्या वाळून हिवाळ्याचं जळण होतं. एक पाऊल पुढे सरकायचं, पुन्हा वाकायचं. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. आज याच्या पट्ट्यावर, उद्या त्याच्या, अशी कूलनाबो गावात सावड चाले. सावडीला कुणी बोलावत नसे आणि कुणी नाही म्हणत नसे. सकाळी उठून बघावं तर माणसं येऊन वाकलेली असत.

यंदा कोलमन गेराटीच्या पट्ट्यावर सावड आली नाही.

जून महिना होता, म्हणजे नावाला उन्हाळा. आभाळ खाली उतरून बसलं होतं आणि विटांना हात लावला की बोटं आत रुतत होती. कोलमन, त्याची बायको डेलिया आणि मुलगी सोरखा, असे तिघंच सकाळपासून खपत होते. मधे पाण्याचा मोठा चर, आणि चराच्या पलीकडे फेस्टी मॅनियनचा पट्टा. तिथे सगळं गाव लोटलं होतं. हसण्याचे आवाज येत होते. त्यातला एकेक आवाज कोलमन डोळे मिटून ओळखू शकला असता.

"बार्टली हसतोय," डेलिया म्हणाली. "गेल्या साली माझे सँडविच खाऊन हसत होता. यंदा आपल्याला बघून हसतोय."

"काम कर."

"करतेय की. तोंड चालतंय म्हणून हात थांबलेत का माझे?"

सोरखा दोघांच्या पुढे होती. एकोणीस वर्षांची पोर, पण हात बापाचा. ती मागे न वळता म्हणाली, "माझ्यामुळे झालंय हे. म्हण ना, मम्मी. दोन दिवस ओठांवर आलंय तुझ्या."

"ओठांवर आलं असतं तर बाहेर पडलं असतं. मला ओळखत नाहीस तू अजून."

कोलमननं पाठ सरळ केली तेव्हा मणके एकामागून एक वाजले. पलीकडे फेस्टीच्या घरून चहाची किटली आली होती. फेस्टीनं कप तोंडाला लावताना इकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पन्नास वर्षं हा माणूस चराच्या पलीकडून हाक मारून शिव्या द्यायचा. त्या शिव्या परवडल्या, असं कोलमनला वाटलं.

तीन वर्षांपूर्वी सगळं सुरू झालं. पावसात वरच्या दलदलीचा एक तुकडाच्या तुकडा सुटला आणि घसरत खाली तळ्यात गेला. तळ्यातले मासे पोटं वर करून काठाला लागले. त्याच तळ्यातून गावाला नळाचं पाणी येतं. तेव्हापासून नळाला चहासारखं पाणी येऊ लागलं आणि 'उकळून प्या' असा जो फलक गावच्या हॉलच्या दारावर लागला तो कुणी काढलाच नाही. लोकांनी शिव्या घातल्या, बाटल्या विकत आणल्या आणि सवय करून घेतली. सवय करून घेण्यात कूलनाबोचा हात कुणी धरणार नाही.

सवय करून घेतली नाही ती पोरांनी. सोरखा, फेस्टीची नात उना आणि त्यांच्या बरोबरीची आणखी दोघं-तिघं. एक अख्खा हिवाळा ही पोरं काचेच्या बरण्या घेऊन एकेका चराचं पाणी भरत हिंडली. वरच्या दलदलीत कुणाचा पट्टा नव्हता. कधीकाळी झाडं लावायची म्हणून तिथे चर खणले होते. झाडं आली नाहीत, चर राहिले. त्या चरांनी दलदल सुकवली, तडकवली, आणि प्रत्येक पावसात तीच तडकलेली माती तळ्यात उतरत होती. पोरांचं म्हणणं एवढंच होतं की वरचे चर दलदलीच्याच मातीनं बुजवू. वरचं वर ओलं राहील. खालचे पट्टे ज्याचे त्याचे.

दलदल सामायिक. एकानं नाही म्हटलं तरी काम अडतं. मोठ्या चराचा बांध घालायचा तो नेमका कोलमनच्या पट्ट्याच्या डोक्याशी, म्हणून त्याचं हो किंवा नाही पहिलं. हॉलमध्ये सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं पोरीकडे पाहिलं. तिच्या नखांत काळी माती होती.

"घाला," तो म्हणाला.

त्याच्यामागून बाकीचे कुरकुरत हो म्हणाले. फेस्टीनं अट घातली. ऑक्टोबर संपेपर्यंत बघू. तोवर नळाला स्वच्छ पाणी आलं तर बांध राहतील. नाही आलं, किंवा कुणाच्या टर्फचं एका विटेचंही नुकसान झालं, तर सगळे बांध फोडायचे आणि पुन्हा विषय काढायचा नाही. पोरांनी मान्य केलं. पुढे वसंतात पाऊस लागला तो थांबेना. पट्टे ओले राहिले, तसे दर वर्षी राहतात त्याहून थोडे जास्त. गावाला कारण हवंच होतं. बांध दिसत होता. कोलमनही दिसत होता.

कोलमनची फावडी गावाला ठाऊक होती. लांब दांड्याची, कडेला पंख काढलेली, टर्फ कापायची जुनी फावडी. सोरखा जन्मली त्या साली चिखलात गाडलेल्या ओंडक्यावर आपटून तिचा उजवा कोपरा तुटला. कोलमननं ना ती टाकली, ना पात बदलली. तिनं कापलेल्या प्रत्येक विटेवर एका बाजूला बोटभर उंचवट्याची धार उमटायची. गंजीतली वीट हातात घेऊन लोक सांगत, ही कोलमनची. सगळ्यांनी यंत्रानं कापून घ्यायला सुरुवात केली तरी हा हातानंच कापायचा. यंत्र माती चेपतं, असं त्याचं म्हणणं. खरं म्हणजे त्याला यंत्रवाल्याला दिवसभर बघत उभं राहणं जमलं नसतं.

त्याची आणखी एक सवय होती. चराच्या काठानं जाताना कुठे ढेकूळ पडून, गवत साचून पाणी तुंबलेलं दिसलं की पाय आपोआप थांबत, फावडी खांद्यावरून उतरे, एक हिसका, ढेकूळ डाव्या काठावर. त्याच्या बापानं त्याला लहानपणी एक आखूड फावडी देऊन चराच्या काठानं चालवलं होतं. रोज, शाळेआधी. आता तो बोलता बोलता, शिट्टी वाजवता वाजवता, डेलियाशी भांडता भांडता हे करी आणि केल्याचं त्याला आठवतही नसे.

बांध घातला तेव्हा सोरखा त्याला मुद्दाम वर घेऊन गेली होती. उनाही होती. केसांत माती, नाकावर माती, फेस्टीसारखंच पुढे आलेलं कपाळ.

"हे बघ डॅडी, बांध नुसता उभा राहत नाही. पाणी वरून हळूहळू पसरून उतरायला हवं. म्हणून पायथ्याशी ही ढेकळं दाबून बसवलीयत, मधे हेदरच्या झुडपांच्या जुड्या. ती पाण्याचा जोर खातात. ती निघाली तर बांध खालून पोखरतो."

"मला शिकवतेस होय पाण्याचं?"

"नाही रे. सांगतेय फक्त. दिसायला कचरा पडल्यासारखा दिसतो, म्हणून."

"तुमचं कामच कचऱ्यासारखं दिसतं," कोलमन म्हणाला आणि उना हसली. "हा काठ असा असतो का? घोड्यानं चावल्यासारखा."

"मग तू दे ना करून," उना म्हणाली.

त्यानं करून दिला. दुपारभर खपून त्यानं बांधाची वरची कड अशी तासून दिली की पाणी एका रेषेत उतरू लागलं. कोलमनला शिकायला आवडत नसे, शिकवायला आवडे. पायथ्याचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. 'बरं बरं' असंही तो म्हणाला होता.

जुलैच्या शेवटी एका सकाळी डेलियानं नळ सोडला आणि ग्लास खिडकीशी धरला. बराच वेळ धरला. मग ग्लासामागे स्वतःचं बोट धरलं.

"कोलमन."

"काय?"

"माझी अंगठी दिसतेय."

तो उठून आला. ग्लासातून लग्नाची झिजलेली अंगठी दिसत होती. पाणी अगदी नितळ नव्हतं, पण पाणी होतं. सोरखा जिन्यावरून धावत खाली आली, तिनं ग्लास घेतला, उजेडाकडे फिरवला आणि खाली ठेवून आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला रडू येत होतं आणि ते तिला आवडलं नव्हतं.

"अजून प्यायचं नाही," ती नाक पुसत म्हणाली. "अजून तपासायचंय. दोनदा चांगलं आलं की फलक काढतील."

"तुझा फलक काढायला मीच शिडी धरीन," डेलिया म्हणाली. "आणि त्या बार्टलीच्या डोक्यावर पाडीन."

त्या दिवशी कोलमन जेवताना पोरीकडे सारखा बघत होता. आपल्याला हिचा अभिमान वाटतो, हे त्याला तिला सांगायचं होतं. त्यानं बटाट्यांचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

टर्फ उशिरा का होईना वाळलं. आता ते घरी आणायचं राहिलं. दलदलीतून रस्त्यापर्यंत आणायला रुंद चाकांचा ट्रॅक्टर लागतो आणि तसा ट्रॅक्टर गावात फेस्टीचा. दर ऑगस्टला तो न सांगता येई. कोलमननं वाट पाहिली. चराच्या पलीकडे फेस्टीचं टर्फ पोत्यांत भरून, थप्प्या लावून तयार होतं. बार्टलीचं घरी पोचलं होतं. आभाळ फिरायला लागलं तेव्हा डेलिया म्हणाली, "जा तू. नाक कापलं जात नाही विचारल्यानं."

तो फावडी खांद्यावर टाकून गेला. येताना पट्ट्यावर एक फेरी मारू, असं मनात होतं.

फेस्टी अंगणात ट्रेलरवर पाणी मारत होता. त्यानं पाण्याची नळी बंद केली नाही, आणि 'आत ये' म्हणाला नाही. त्या घरी कोलमन कधी दाराबाहेर उभा राहिला नव्हता.

"दिवस बरा आहे," कोलमन म्हणाला.

"फिरेल संध्याकाळपर्यंत."

"तेच म्हणत होतो. ट्रेलर मोकळा झाला असेल तर..."

"टायर बसलाय त्याचा."

दोघांनी टायरकडे पाहिलं. तो टम्म फुगलेला होता.

"फेस्टी, अरे, सरळ नाही म्हण ना."

"नाही कशाला म्हणू? माणसांचं मन नाही यंदा, एवढंच. माझ्या एकट्याच्या हातात थोडंच आहे?" त्यानं नळी चाकावर धरली, चिखल उडून कोलमनच्या पँटवर आला. "माझी नात तुझ्या पोरीच्या मागे चिखलात लोळते. घरी गाय व्याली तरी तिला पत्ता नसतो. परवा मला सांगते, आजोबा, तुम्हाला कळत नाही. मला! या दलदलीचं!"

"माझी रोज सांगते."

"तू ऐकतोस. तिथेच चुकतं." फेस्टीनं आता त्याच्याकडे पाहिलं. "पाठीवर आण की. तुझा बाप आणायचा. की पोरी येतील पोती उचलायला?"

कोलमनला उत्तर सुचलं ते फाटकाबाहेर आल्यावर. मग एकामागून एक सुचत गेली. चराच्या काठानं वर जाताना तो ती सगळी फेस्टीला ऐकवत होता. तुझा पहिला ट्रॅक्टर दलदलीत रुतला तेव्हा कुणी काढला? तुझी बायको गेली तेव्हा तुझी गुरं कुणी सांभाळली? टायर बसलाय म्हणे. हात उडवीत, पुटपुटत तो चालला होता. स्वतःच्या पट्ट्याच्या डोक्याशी त्याचे पाय थांबले. चराच्या तोंडाशी ढेकळं पडली होती, काड्यांच्या जुड्या अडकल्या होत्या, पाणी अडून पसरत होतं. फावडी खांद्यावरून उतरली. टम्म टायर, आणि म्हणे बसलाय! एक हिसका, ढेकूळ डाव्या काठावर. माझ्या बापाचं नाव काढतो. आणखी एक हिसका. पाठीवर आणीन, तुझ्या नाकासमोरून आणीन. चर मोकळा झाला, पाणी नीट आवाज करत वाहू लागलं. त्या आवाजानं त्याला नेहमीप्रमाणे जरा बरं वाटलं. त्यानं फावडी खांद्यावर टाकली आणि तो घरी आला.

"काय म्हणाला?" डेलियानं विचारलं.

"टायर बसलाय."

संध्याकाळी आभाळ फिरलं. दोन दिवस पाऊस असा पडला की खिडकीतून गोठाही दिसेना. तिसऱ्या दिवशी पहाटे उना दार वाजवत आली, पायात बूट नाहीत, नुसते मोजे. "सोरखा! मोठा बांध गेला!"

वर जाईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. बांधाच्या जागी एक खिंडार होतं. वरची सगळी तुंबलेली दलदल त्यातून सुटली होती आणि चराच्या दोन्ही काठांवरून काळा गाळ वाहत होता. खालचे छोटे बांध त्यानं बोटांनी पुसावेत तसे पुसून नेले होते. कोलमनचा पट्टा उंचावर, त्याचं टर्फ एका कडेनं भिजलं तेवढंच. फेस्टीचा सखल. त्याच्या थप्प्या नव्हत्याच. फाटकी पोती कुंपणाच्या तारेला अडकून लोंबत होती, वाळलेल्या विटा फुगून परत चिखल होऊन तळ्याकडे चालल्या होत्या. फेस्टी गुडघाभर गाळात उभा राहून एक पोतं ओढत होता. पोतं येत नव्हतं. त्याला दम लागला होता, पण तो सोडत नव्हता. उना त्याच्याकडे धावली, त्यानं तिला कोपरानं बाजूला सारलं.

सोरखा खिंडाराशी गेली. कोलमन मागोमाग गेला. ती बांधाच्या पायथ्याशी वाकली, तिथे पायथा नव्हता. मग तिनं वरच्या डाव्या काठाकडे पाहिलं. तिथवर गाळ चढला नव्हता.

ढेकळं एका ओळीत पडली होती. एकेका पावलावर एकेक, सगळी एकाच अंगाला कललेली. त्यांच्याजवळ हेदरच्या जुड्या. पावसानं धुऊन ढेकळं स्वच्छ झाली होती आणि प्रत्येकाच्या कापावर उजव्या बाजूला बोटभर धार उमटलेली होती.

कोलमननं ती पाहिली. क्षणभर त्याला कळलंच नाही की आपण काय पाहतोय. मग त्यानं खांद्यावरची फावडी उतरवली आणि तिचा तुटका कोपरा बोटांनी चाचपला.

"सोरखा," तो म्हणाला.

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. लहानपणी पडल्यावर रडायचं की नाही हे ठरवण्याआधी बघायची, तशी. खालून बार्टलीचे आणि आणखी कुणाकुणाचे आवाज वर येत होते. ती काठावर चढली आणि बुटानं पहिलं ढेकूळ पाण्यात लोटलं. मग दुसरं. वरपर्यंत सगळी माणसं पोचण्याआधी तिनं ओळच्या ओळ पाण्यात लोटून दिली.

त्या रविवारी चर्चमधल्या मासच्या प्रार्थनेनंतर लोक हॉलमध्ये जमले. नळाला पुन्हा काळं पाणी आलं होतं, पूर्वीपेक्षा काळं. पोरं पहिल्या रांगेत बसली होती. उनाला तिच्या बापानं दंडाला धरून मागच्या रांगेत नेऊन बसवलं.

बार्टली उभा राहिला. "मला एवढंच विचारायचंय, माणसाच्या गळ्याशी येईल एवढं पाणी डोक्यावर साठवायची परवानगी या शेंबड्या पोरांना आपण दिलीच कशी?"

"तू पण हो म्हणाला होतास, बार्टली," कुणीतरी म्हणालं.

"कोलमन म्हणाला म्हणून म्हणालो!"

हशा पिकला नाही. फेस्टी खिडकीशी बसला होता, हातात टोपी, बोटांच्या भेगांत काळं. तो बोलला तेव्हा हळू बोलला. "एक हिवाळा जाईल माझा. शेजारी देतील जळण, त्याचं नाही. पण पोरींनो, तुम्ही मला म्हणालात की तुम्हाला कळतं."

सोरखा उभी राहिली. तिच्या मानेवर लाल चट्टे आले होते. "बांध आमचा होता," ती म्हणाली. "फुटला. चूक आमची. आमची म्हणजे माझी. उनाला काही बोलू नका."

"का फुटला, ते तरी सांग," फेस्टी म्हणाला.

"पायथा नीट बसवला नव्हता."

"मी काढला पायथा," कोलमन म्हणाला.

तो उभा कधी राहिला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. सगळी डोकी वळली. "तुझ्याकडून येत होतो, फेस्टी. पाऊस लागला त्याच दिवशी. डोकं ठिकाणावर नव्हतं. चर तुंबलाय असं वाटलं आणि साफ केला. नेहमी करतो तसा. बांध चांगला होता. पोरांचा बांध चांगला होता रे, मी स्वतः तासला होता."

मग मागून कुणीतरी बाई म्हणाली, "अरेरे." बार्टलीनं मान हलवली. फेस्टी उठला, खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि त्यानं कोलमनच्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा.

"बस, गड्या," तो म्हणाला. "माझी पोर असती तर मीही हेच म्हटलं असतं."

"अरे पण मी खरंच..."

"कोलमन गेराटीनं हात लावलेला चर कधी फुटलाय का? लहान पोराला तरी पटेल का?" फेस्टीचा आवाज घोगरा झाला होता. "बाप आहेस. झालं. आम्ही काय दगड आहोत? उद्या ट्रॅक्टर घेऊन येतो तुझ्याकडे. तुझं तरी घरी पडू दे."

"सगळेच येऊ," बार्टली म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस."

कोलमननं सोरखाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. त्यानं पुन्हा तोंड उघडलं तेव्हा डेलियानं त्याची बाही ओढली आणि तो बसला. हे बसणं त्याला पुढे फार दिवस आठवणार होतं. उरलेले बांधही उद्याच खोदयंत्र लावून फोडायचे, असं ठरलं. पोरांना कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सावड आली. सगळं गाव आलं, हातमोजे घालून, शिव्या देत, हसत. फेस्टीनं ट्रेलर पार पट्ट्यात घातला. कोलमनचं टर्फ हातोहात भरलं जात होतं. बार्टली विटा फेकताना ओरडत होता, "कोलमन, तुझ्या विटा तुझ्या बायकोच्या केकसारख्या, दात पडतील!" आणि डेलिया ओरडत होती, "तुला उरलेत का?" असं हसणं त्या पट्ट्यावर वर्षभर ऐकू आलं नव्हतं. वरून खोदयंत्राची घरघर येत होती. अधूनमधून ती थांबे, मग पाणी सुटल्याचा आवाज येई. त्या वेळी कुणीही वर बघत नसे.

सोरखाही भरत होती. कोलमन पोतं घेऊन तिच्याजवळ गेला. "मी खरं बोलतोय असं तू हॉलमध्ये म्हणाली असतीस तर ऐकलं असतं त्यांनी."

"नसतं ऐकलं."

"ढेकळं ठेवली असतीस. धार ओळखली असती सगळ्यांनी."

"हो," ती म्हणाली. "मग सावड कायमची गेली असती. तुझी आणि मम्मीची. मी काय, जाईन कुठेही." तिनं पोत्याचं तोंड आवळलं. "आणि तू तसा दिसत होतास डॅडी, की मला दुसरं काही सुचलंच नाही."

दुपारी घराजवळची गंजी रचून झाली. एवढी उंच गंजी त्या घरानं पाहिली नव्हती. माणसं स्वयंपाकघरात शिरली, बाकांवर, खिडकीत, जागा मिळेल तिथे बसली. डेलियानं मोठ्या किटलीत नळाचं पाणी भरून उकळायला ठेवलं. पाणी पडताना काळं दिसत होतं.

"चहात कुठे कळतंय!" बार्टली म्हणाला. "पत्ती कमी टाक, वाचेल तेवढी." लोक हसले.

कपांमधून चहा फिरला. डेलियानं कोलमनपुढे कप ठेवला. त्यानं तो सरकवला. "मला नळाचं पाणी दे."

"उकळलेलं नाहीये."

"दे."

डेलिया जागची हलली नाही. सोरखानं ग्लास घेतला, नळाखाली धरला आणि बापापुढे ठेवला. त्यात तळाशी माती बसत होती. कोलमननं तो उचलला आणि सगळ्यांदेखत, न थांबता, तळापर्यंत प्यायला. घशात माती अडकली तेव्हा खोकला आला, तो त्यानं गिळला. मग रिकामा ग्लास टेबलावर ठेवून तो फेस्टीकडे बघत राहिला.

फेस्टीचा कप ओठांशी थांबला होता. त्यानं कोलमनच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याची नजर दाराशी गेली. तिथे तुटक्या कोपऱ्याची फावडी टेकून ठेवली होती. फावडीवरून नजर पुन्हा कोलमनवर आली. फेस्टीच्या कपाळावरची शीर उठली. तो काही म्हणेल असं कोलमनला वाटलं, हॉलमधलं ते खरं होतं एवढं तरी त्यानं म्हणावं म्हणून तो वाट बघत बसला. वर खोदयंत्र थांबलं होतं. काम संपलं असावं.

फेस्टीनं चहा संपवला, कप पालथा घातला, टोपी डोक्यावर घातली.

"उद्या माझा पट्टा उपसायचाय," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "सकाळी लवकर या सगळे."

"येतो," कोलमन म्हणाला.

हातांसारखंच तोंडही सवयीचं होतं. म्हणून झाल्यावर त्यानं मान खाली घातली.

सोरखानं टेबलावरचा ग्लास विसळून पालथा ठेवला. मग ती दाराशी गेली, तिनं बापाची फावडी उचलून खांद्यावर टाकली आणि वरच्या दलदलीच्या वाटेला लागली. कोलमन खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. तिच्यामागून जायला तो उठला नाही. स्वतःच्या हातांवर त्याचा आता भरवसा नव्हता.